बहिणाबाईंचं कसब शिकवा : मराठीची पाठ्यपुस्तकं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीच्या पाठ्यपुस्तकांचे संपादक, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि वर्गात उभं राहून कविता शिकवणारे माझे सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बहिणाबाई चौधरींची एखादी तरी कविता दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गाला शिकवायची असते आणि दर वर्षी एकाच जागी माझं अडतं. कवितेच्या आधी कवयित्रीचा परिचय येतो. बहिणाबाई निरक्षर होत्या, त्यांना अक्षरओळखही नव्हती, तरीही त्यांनी इतकी सुंदर कविता रचली, अशी त्याची सुरुवात ठरलेली असते. गाईडात तेच, भाषणात तेच, जयंतीच्या फलकावर तेच. मुलं ते पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत जसंच्या तसं उतरवतात: ‘बहिणाबाई निरक्षर असूनही थोर कवयित्री होत्या.’ दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

मला वाटतं, नेमका तिथेच तो सुरू व्हायला हवा. एकदा एखादी गोष्ट चमत्कार ठरली की आपण तिला नमस्कार करून मोकळे होतो. ती घडली कशी, हे मग कोणी विचारत नाही. ओवीत अक्षरं किती, यमक कुठे बसवलंय, एक ओळ दुसरीला कशी वाढवत नेते, हे प्रश्न केशवसुतांच्या कवितेला विचारले जातात, बालकवींच्या कवितेला विचारले जातात. बहिणाबाईंच्या वाट्याला फक्त ‘वा!’ येतं. एवढी मोठी कवयित्री, पण तिच्या कवितेकडे कविता म्हणून नीट बघायचंच राहून जातं.

माझी मागणी एकच आहे. बहिणाबाईंना कसबी कवयित्री म्हणून शिकवा. आपलं काम पक्कं ठाऊक असलेली बाई म्हणून शिकवा. शेतीचं काम तिला येत होतं, तसंच ओवीचंही येत होतं.

निरक्षरता लपवा असं मी म्हणत नाही. ती खरी आहे आणि तिच्याबद्दल बोलायलाच हवं. पण ती जिथली आहे तिथे ठेवा. बहिणाबाईंचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या आसोद्याला, महाजनांच्या घरात झाला. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न जळगावच्या नथुजी चौधरींशी झालं. तिशीत वैधव्य आलं. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही मुलं. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या जळगावातच गेल्या. 1901 च्या जनगणनेत देशभरातल्या बायकांमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. म्हणजे खानदेशातल्या शेतकरी घरातल्या बाईला अक्षर न येणं ही त्या काळची रोजची, सर्वसाधारण गोष्ट होती. त्यात बहिणाबाईंचं असं वेगळं काहीच नव्हतं. वेगळी होती ती त्यांची कविता. परिचयात आपण सर्वसाधारण गोष्ट पुढे करतो आणि असाधारण गोष्ट मागे ढकलतो.

शिवाय ‘निरक्षर असूनही’ असं म्हणताना आपण नकळत आणखी एक गोष्ट सांगून जातो. कविता ही शाळेतून येते, पुस्तकातून येते, आणि जिला ती वाट बंद आहे तिच्याकडे कविता असणं हा अपवाद आहे, असं मुलांच्या मनावर ठसतं. महाराष्ट्राचा इतिहास याच्या नेमका उलटा आहे. या प्रदेशात शेकडो वर्षं बायकांनी पहाटे जात्यावर बसून ओव्या रचल्या. साने गुरुजींनी त्यांतल्या कितीतरी गोळा करून ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या, आणि गुरुजी तर आमच्याच अमळनेरात शिक्षक होते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. लाखभर! त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना वाचता येत नव्हतं. त्यांची शाळा जात्यापाशी भरत होती आणि तिथे आई, आजी, सासू, जाऊ शिकवत होत्या. बहिणाबाई त्याच शाळेत शिकल्या, त्यात कोणी गेलं नाही इतक्या पुढे गेल्या, आणि शिक्षण कुठून मिळालं ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय:

माझी माय सरसोती
माले शिकवते बोली
लेक बहिनाच्या मनी
किती गुपितं पेरली

जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात. त्या घरोटावरही त्यांची कविता आहे. घरोटातून जशी पिठी पडते, तसं माझं गाणं पोटातून ओठी येतं, असं त्या म्हणतात. ही नुसती उपमा नाही. ओवी त्या फेऱ्यावरच बसलेली असते. वर्गात हे दाखवायला फार काही लागत नाही. मुलांना बोटं मोजायला सांगते. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. आ-धी-हा-ता-ला-च-ट-के, आठ. पुढची ओळ त्यांची तीच मोजतात. मग मी म्हणते, आता ‘मन वढाय वढाय’ घ्या. पुन्हा आठ. ‘उभ्या पिकातलं ढोर’, पुन्हा आठ. मोजता मोजता वर्गात जी शांतता पसरते, ती ‘निरक्षर असूनही’ वाचून कधीच पसरलेली नाही. कागदावर एकही खूण न करता, हातातलं काम चालू असताना, आठ अक्षरांचा साचा ओळीमागून ओळ चुकू न देणं हे केवढं काम आहे, ते स्वतः चार ओळी रचून बघितल्यावर मुलांना कळतं. बहुतेकांची गाडी दुसऱ्या ओळीला नऊवर जाते.

एक कविता मी जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात सगळं आहे. विहिरीवरच्या मोटेची ही कविता अशी सुरू होते:

येहेरीत दोन मोटा
दोन्हीमधी पानी एक

आज दहावीत असलेल्या मुलाने मोट पाहिलेली नसते. त्याच्या आजोबांनी पाहिली असेल. म्हणून आधी मोट उभी करावी लागते. विहिरीच्या काठावर लाकडी चौकट. तिच्यात वर चाक आणि खाली कणा. चामड्याच्या मोटेला दोन दोर: जाड नाडा वरच्या चाकावरून जाणार, बारीक सौंदर मोटेच्या सोंडेला बांधलेला, तो खालच्या कण्यावरून जाणार. दोन्ही दोर बैलांच्या जुवाशी येणार. बैल उतरणीवरून खाली चालले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या दगडी कुंडीत, मोकळी होते, पाणी पाटाने मळ्यात जातं. मग बैल मागे सरत चढण चढतात आणि रिकामी मोट पुन्हा खाली जाते. बैलांच्या या जाण्या-येण्याच्या उताराला धाव म्हणतात.

आता कविता वाचा. मोटा दोन, पाणी एक. चाक आणि कणा दोन, गती एक. दोर दोन, झीज एक. बैल दोन, ओढ एक. उतरण आणि चढण, नावं दोन, धाव एक. जोडी घ्यायची आणि तिच्यातलं एकपण दाखवायचं, असं पाच वेळा चालतं. ऐकणाऱ्याच्या कानाला सवय लागते की आता दोनाचं एक होणार. आणि मग शेवट येतो:

मोट हाकलतो एक
जीव पोसतो कितीक?

आतापर्यंत दोनाचं एक होत होतं, इथे एकाचे अनेक झाले. सबंध कविता ‘एक’वर संपत आली, शेवटची ओळ मात्र ‘कितीक’वर संपते, यमक तेच राहिलं, पण हिशेब उलटला. एवढा वेळ विहीर, चाक, दोर, बैल यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं, त्यात माणूस कुठेच नव्हता. तो शेवटी आला, एकटा, आणि त्याच्यामागे त्याच्या कष्टावर जगणारी सगळी घरं आली. तेही प्रश्न म्हणून. उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचं.

याला आपोआप सुचलेलं गाणं म्हणायचं? कुठे थांबायचं, काय शेवटी ठेवायचं, कोणता शब्द पुन्हा पुन्हा आणून कुठे सोडायचा, हे सगळं त्यात ठरवलेलं आहे. ठरवणाऱ्या बाईने लेखणी हातात धरली नव्हती, पण नाडा कशाने झिजतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. कवितेखाली ‘मोट : विहिरीतून पाणी काढण्याचे साधन’ एवढीच टीप देऊन आपण हे सगळं मुलांपासून दूर ठेवतो. तिथे एक चित्र हवं. चाक, कणा, नाडा, सौंदर, थारोळं, धाव यांची नावं दाखवणारं, रेघारेघांचं साधं चित्र. विज्ञानाच्या पुस्तकात पंपाची आकृती येते, तशी मराठीच्या पुस्तकात मोटेची आली तर बिघडलं कुठे?

शेतीच्या कामांवरच्या त्यांच्या कविता एका ओळीत लावल्या तर शेताचं सबंध वर्ष उभं राहतं. पेरणी आहे, कापणी आहे, रगडणी आहे, उपणणी आहे. पेरणीत पोपया पक्षी ‘पेर्ते व्हा रे, पेर्ते व्हा रे’ म्हणून हाकारतो. उपणणीची कविता तर माझी फार आवडती. धान्य वारवायला सूप भरून उंच उभं राहिलं आणि वाराच पडला, तर अख्ख्या खळ्याचं काम अडतं. ती वेळ धरून बहिणाबाई वाऱ्याला हाक मारतात:

चाल ये रे ये रे वाऱ्या
ये रे मारोतीच्या बापा
नको देऊ रे गुंगारा
पुऱ्या झाल्या तुझ्या थापा

मारुती हा वायुपुत्र, म्हणून वारा मारुतीचा बाप. पुराणातली ही गोष्ट त्यांनी कीर्तनात ऐकलेली असणार, आणि ती कुठे वापरली बघा. देवाला आळवलं तर खरं, पण उधारी थकवणाऱ्या माणसाला दरडावावं तसं दरडावलं. भक्ती आहे आणि घाईही आहे. खळ्यावर उभ्या असलेल्या बाईला दोन्ही असतात.

आणि कापूस. आमचा भाग काळ्या मातीचा, कापसाचा. ‘बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही’ ही ओळ वाचली की आमच्या मुलांना लगेच कळतं. बोंड उललं, फाटलं, आणि आत कापूसच नाही, असं बोंड ज्याने वेचणीला गेल्यावर हातात धरलंय, त्याला पुढची ‘हरीनामाईना बोले, त्याले तोंड म्हनू नही’ ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना ती सांगावी लागेल, आणि ते आपलं काम आहे. ‘सुविचार’ म्हणून ती ओळ फळ्यावर लिहिली की अर्धी कविता गेली. तिचं बोंडच गेलं.

निवडीबद्दलही मला बोलायचं आहे. ‘अरे संसार संसार’, ‘मन वढाय वढाय’, ‘अरे खोप्यामधी खोपा’ या कविता सगळ्यांना येतात. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ही गाणी घराघरांत पोचवली, आणि चांगलंच झालं. माझा त्यांना विरोध नाही, त्या थोर कविता आहेत. पण त्याच त्या दिल्याने बहिणाबाईंची एकच मूर्ती मुलांच्या मनात राहते: सोशीक, समंजस, चुलीपाशी बसून शहाणपणाचे बोल सांगणारी आजी. वाकडा शब्द सहन न करणारी, प्रश्न विचारणारी, उलट उत्तर देणारी बहिणाबाई पुस्तकात येतच नाही.

ती बघायची तर विधवेची कविता घ्या. नवरा गेल्यानंतरची.

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

कपाळावर नशिबाची रेघ होतीच, कुंकवाने ती झाकली होती, एवढंच. कुंकू पुसलं तशी ती दिसू लागली. पुढे ही बाई आपला कष्टाने भेगाळलेला तळहात बघते, आणि दारात आलेल्या ज्योतिषाला सांगते:

नको नको रे जोतिषा
माझ्या दारी नको येऊ
माझं दैव माले कये
माझा हात नको पाहू

तिशीतली विधवा, पदरात तीन मुलं, आणि ती भविष्य सांगणाऱ्याला दारातून परत पाठवते. दैव नाही असं ती म्हणत नाही. माझं दैव मला कळतं, ते वाचायला दुसऱ्या कोणाची गरज नाही, असं म्हणते. ज्या हाताने तिला घर चालवायचं आहे, तो ती कोणाला दाखवणार नाही. ही कविता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना शिकवून बघा. मी शिकवली आहे. त्या दिवशी वर्गात मला फारसं बोलावं लागलं नाही.

किंवा योगी आणि सासुरवाशिणीची कविता घ्या. माहेराचं गुणगान गात निघालेल्या बाईला योगी अडवून विचारतो की माहेर एवढं चांगलं, तर मग सासरी आलीस कशाला? संन्याशाचा प्रश्न, तर्काला धरून, आणि वर थोडा शहाणपणाचा तोरा. तिचं उत्तर:

दे रे दे रे योग्या ध्यान
ऐक काय मी सांगते
लेकीच्या माहेरासाठी
माय सासरी नांदते

आज मी जिथे सासरी राहते, तेच उद्या माझ्या लेकीचं माहेर होणार आहे. मी इथे टिकले नाही तर तिला माहेर कुठून येणार? दोन ओळींत एक सबंध रीत, तिचा भार आणि तो भार उचलण्यामागचं कारण, तिन्ही आलं. या उत्तरावर मुलींनी वाद घालावा असं मला वाटतं. नांदणं हेच उत्तर का, असं त्यांनी विचारावं. बहिणाबाईंची कविता असा वाद सोसणारी आहे. तिला हळदकुंकू वाहून बाजूला ठेवायची गरज नाही.

‘पिलोक’ ही प्लेगची कविता तर फार थोड्यांना माहीत आहे. 1896 साली मुंबईत आलेली साथ पुढे गावोगाव पसरली. माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागली, नातलगांच्या भेटी खळ्या-मळ्यांत होऊ लागल्या. बहिणाबाईंच्या थोरल्या मुलाला, ओंकारला, याच रोगाने कायमचं अपंग केलं. करोनाचा काळ पाहिलेल्या मुलांना या कवितेची प्रस्तावना लागणार नाही. इतिहासाच्या तासाला प्लेग म्हणजे रँड आणि चापेकर एवढाच शिकवला जातो. प्लेगमध्ये गावात राहणाऱ्या आईचं काय झालं, ते या कवितेत आहे.

आता अक्षराबद्दल त्यांना स्वतःला काय वाटत होतं, ते सांगते. आपण त्यांच्या निरक्षरतेबद्दल इतकं बोलतो, पण त्यांनी त्यावर काय म्हटलंय ते कधी विचारत नाही. जळगावात छापखाना आला, तो त्यांनी पाहिला, आणि त्यावर कविता केली. तिच्यातल्या या ओळी:

मानसापरी मानूस
राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

माणूस आहे तसाच खुळा राहतो, आणि कोरा कागद मात्र छापून शहाणा होतो. यात अक्षराचा राग नाही, अक्षराचं कौतुक आहे. कोऱ्या कागदाला शहाणपण येतं हे त्यांनी डोळे भरून पाहिलंय. पण माणूस शहाणा व्हायला एवढं पुरत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. कोणाला टोचतं हे? आपल्यालाच, छापणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना. परिचयात त्यांची निरक्षरता सांगायची असेल तर तिच्या शेजारी या चार ओळी छापा. म्हणजे मुलांना कळेल की अक्षराविषयी या बाईचं स्वतःचं मत होतं, आणि ते तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं होतं.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते सोपानदेवांमुळे. ते स्वतः कवी. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी आईची गाणी ऐकून उतरवून ठेवली. आचार्य अत्र्यांनी ती वाचली, हे सोनं महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं गुन्हा आहे असं सांगितलं, आणि 1952 साली, बहिणाबाई गेल्यानंतर, ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडली. या तिघांचे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत. पण छापल्या गेल्या त्या फक्त पन्नासेक कविता. पन्नास-साठ वर्षं जी बाई घरोटावर, शेतात, खळ्यावर गात होती, तिची बाकीची गाणी वाऱ्यावर गेली. हाती आलं ते थोडं आहे, म्हणून तरी ते अर्धवट कापून देऊ नका. पानात बसत नाही म्हणून दोन कडवी गाळणं थांबवा. त्या संग्रहाला साठ वर्षं 2012 सालीच पूर्ण झाली, त्यामुळे त्यातल्या कविता आज संपूर्ण छापायला कायद्याची आडकाठी नाही.

बोलीचंही तसंच. या कविता खानदेशातल्या लेवा गणबोलीत आहेत. आमच्याकडे तळहाताचा तयहात होतो, आभाळाचं आभाय होतं, मला-तुलाचं माले-तुले होतं. इंटरनेटवर, फलकांवर, कधी कधी छापील पुस्तकांतसुद्धा हे शब्द ‘सुधारून’ दिलेले दिसतात. ‘मियते भाकर’चं ‘मिळते भाकर’ होतं. कृपा करून हे करू नका. माझ्या वर्गातली मुलं घरी ‘माले’, ‘तुले’ म्हणतात आणि शाळेच्या दारात आली की ती बोली गिळून टाकतात, कारण कोणीतरी हसतं. वर्षातून एकदा त्यांची बोली पुस्तकात छापलेली येते. त्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून कविता अशी वाचतो की मला ऐकत राहावंसं वाटतं. तो तास त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांसाठी, या बोलीत वाढलेल्या एखाद्या आजीच्या आवाजात कविता ध्वनिमुद्रित करा. पुस्तकांत हल्ली क्यूआर कोड असतात. बहिणाबाईंच्या कवितेचा कोड उघडल्यावर स्टुडिओतलं घोटीव प्रमाण मराठी ऐकू येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचं नाव आहे. जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांचं स्मारक आहे. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषणांतून बहिणाबाईंच्या ओळी पुन्हा ऐकल्या. या मानाचा मला आनंद आहे. त्याबरोबर एक काम व्हावं असं वाटतं: घरोटावर बसलेल्या आणि ओव्या अजून आठवणाऱ्या ज्या बायका आज ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांच्याकडे माध्यमिक शाळांतली मुलं पाठवावीत, आजीचं नाव-गाव विचारून ओव्या लिहून घ्याव्यात, फोनवर आवाज नोंदवावा, आणि त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत. सोपानदेवांनी आपल्या आईसाठी केलं ते नातवंडांनी आजीसाठी करावं. यातून दुसरी बहिणाबाई सापडेलच असं नाही. पण बहिणाबाई कोणत्या शाळेत शिकल्या, ते मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसेल.

परिचय कसा लिहावा, असं कोणी विचारेल म्हणून माझा मसुदा देते. हवा तसा बदला. ‘बहिणाबाई चौधरी (1880–1951) : खानदेशातील शेतकरी आणि कवयित्री. जात्यावरच्या ओवीचा, बहुतेकदा आठ अक्षरी, साचा घेऊन त्यांनी शेतीची कामे, सासर-माहेर, वैधव्य, प्लेग आणि माणसाचे मन यांवर कविता रचल्या. काम करता करता त्या कविता रचत आणि गात; मुलगा सोपानदेव व नातलग पितांबर चौधरी यांनी त्या लिहून घेतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. छापखान्यावरही त्यांची कविता आहे.’ सगळं आलं यात. निरक्षरताही आली, तिच्या जागी.

मोटेच्या चित्राचं काम कोणी हाती घेणार असेल, तर मी मदतीला तयार आहे. आमच्या भागात जुन्या विहिरींवर दगडी थारोळी अजून शाबूत आहेत. चाकं आणि दोर गेले, पण नाडा कुठून जायचा आणि सौंदर कुठे बांधायचा, हे हाताने दाखवणारी म्हातारी माणसं आहेत. चित्रकाराला पाठवा, मी विहीर दाखवते आणि माणसंही गाठून देते. उन्हाळ्यात येऊ नका, इथलं ऊन सोसत नाही. दिवाळीनंतर आलात तर कापसाची वेचणी चालू असेल, बोंडंही बघून होतील.

आपली,
जळगाव जिल्ह्यातली एक मराठीची शिक्षिका